अक्कानं मला वाडग्यात येऊ दिलं नाही

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला जनावरांतलं काहीही कळत नव्हतं. माझे वडील जिंतूरला निजामाच्या तहसील कचेरीत चपराशी होते. आमच्या घरात कधी शेळीसुद्धा बांधलेली नव्हती. आई मी लहान असतानाच गेली. वडिलांकडं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकून मला उर्दू चांगली समजायची, बोलायलाही यायची, आणि सासरी त्याचा काय उपयोग, असं मला निघताना वाटलं होतं.

सासर ताडकळसपासून तासाभराच्या वाटेवर. कोरडवाहू रान, दोन बैलजोड्या, एक म्हैस, दोन गायी आणि शंभरेक मेंढरं. माणसं मात्र मोजकी: सासरे, थोरले दीर, थोरली जाऊ, माझे मालक आणि मी. सासू नव्हती. घराचा सगळा कारभार जावेच्या हातात होता. तिला मी अक्का म्हणायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं दणकट, बोलायला फटकळ. तिला मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं, एवढं मला शेजारच्या बायांनी पहिल्या आठवड्यातच विहिरीवर सांगून टाकलं होतं. तिला पांढऱ्या पायाची म्हणत. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बारशाला तिला बोलावणंही कुणी करत नसे.

त्या घरात जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर जनावराची एक खूण होती. सासऱ्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं बैलाच्या खुराखाली चेंगरून चपटी झाली होती. दिरांच्या भुवईवर म्हशीच्या शिंगाचा वण होता. माझ्या मालकांच्या मधल्या बोटाचं पेर गेलेलं होतं. कालवडीचं दावं हाताला गुंडाळून उभे होते, कालवड कशाला तरी बुजली आणि पळाली. ते सांगायचे, "दुखलं न्हाई. बोट खाली पडलेलं दिसलं तवा दुखायला लागलं." या गोष्टी ती माणसं जेवताना हसत हसत सांगत. माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

माझी खूणही मला लवकरच मिळाली. घरामागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेली मेंढरांची जागा होती, तिला वाडगं म्हणायचे. सकाळी मेंढरं बाहेर पडली की तिथल्या लेंड्या गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. आमचा एडका, म्हणजे कळपातला नर, त्या दिवशी मागं राहिला होता. दिसायला देखणा, वळलेल्या शिंगांचा. आल्यापासून मी रोज त्याच्या कपाळावर हात फिरवायचे, तोही डोळे मिटून उभा राहायचा. त्या सकाळी त्याच्याकडं पाठ करून मी वाकले. पाठीमागून कुणी धोंडा हाणावा तसा दणका बसला आणि मी तोंडावर पाण्याच्या दगडी डोणीवर पडले. समोरचा दात अर्धा तुटला. ओठ फाटला.

अक्का धावत आली, माझं रक्ताळलेलं तोंड पाहिलं आणि आधी हसली. मला इतका राग आला! मग तिनं मला उठवलं, तोंड धुतलं, ओठात हळद दाबली आणि म्हणाली, "कपाळावर हात कुणी फिरवाय सांगितला व्हता तुला? तेला वाटतं, तू झुंज मागायलीस. आधी खेळतंय, मग मारतंय."

"मला काय माहीत, अक्का?"

"मग आता माहीत करून घे."

त्या दिवसापासून तिनं मला शिकवायला घेतलं. एडक्याकडं कधी पाठ करायची नाही. तो मान खाली घालून चार पावलं माघारी सरला की समजायचं, आता येणार. पळायचं नाही, बाजूला व्हायचं. त्याचे डोळे झाकले की तो जागच्या जागी गप्प होतो. दावं हाताला गुंडाळायचं नाही, मुठीत धरायचं, म्हणजे वेळ आली तर सोडता येतं. बैलाजवळ जायचं तर आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. धार काढताना म्हशीच्या मागच्या पायाला खांदा टेकवून बसायचं, म्हणजे लाथ उचलायच्या आधी कळतं. ती कधी समजावून सांगत नसे, करून दाखवायची आणि मग मला करायला लावायची. चुकलं की शिवी द्यायची. वर्षभरात मी मेंढी आडवी पाडून तिची खुरं साफ करायला लागले. दात गेला म्हणून रडलेली मी, त्याच एडक्याला कान धरून पाणी पाजायला नेऊ लागले. सासरे एकदा दिरांना म्हणाले, "धाकली कामाची निघाली." ते शब्द मला किती दिवस पुरले!

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास मला दिवस गेले. मी आधी अक्कालाच सांगितलं, दुसरं होतंच कोण? तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आजपासून वाडग्यात पाय ठेवायचा न्हाई."

मला वाटलं, काळजीपोटी दोन दिवस म्हणेल. पण ती अडूनच बसली. मार्गशीर्षात मेंढ्या व्यायला लागल्या. कामाचा नुसता रगाडा उडाला. एकेका दिवशी पाच-सहा कोकरं. अक्का पहाटेपासून वाडग्यात, दिवस मावळला तरी वाडग्यात. माझ्या वाटणीचं सगळं काम तिच्या अंगावर पडलं होतं आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलेली. कोकरू हातात घ्यायलासुद्धा ती देत नसे. मी अंगणातून नुसतं डोकावलं तरी ओरडायची. वाडग्यातून आली की ती अंगणाच्या कोपऱ्यात, आडोशाला राखेनं हात चोळून धुवायची, लुगडं बदलायची, आणि मगच घरात पाऊल टाकायची. तिचं ते लुगडं मी धुवायला घेतलं तर हातातून हिसकावून घेतलं.

मला वाईट वाटायला लागलं. विहिरीवरच्या बाया तर टपूनच होत्या. एकजण म्हणाली, "तिला बघवत न्हाई तुझं. दोन येळा तिची कूस रिकामी झाली, आता तुला घरातच कोंडून ठेवायलीय." मी ऐकून घेतलं. आज ते आठवलं की लाज वाटते, पण ऐकून घेतलं, आणि मनात ठेवलंही. मालकांपाशी मी कुरकुर केली. ते म्हणाले, "वहिनी म्हणायली तर काय तरी आसंल." त्यांच्या असल्या उत्तरानं माझा आणखीच जळफळाट झाला.

त्याच दिवसांत कळपात काहीतरी बिघडलं. मेंढ्या दिवस भरायच्या आधीच गाभडायला लागल्या. आज एक, परवा दोन. अक्का मेलेली कोकरं आणि त्यांची वार काठीनं टोपल्यात लोटायची, लांब नेऊन खोल खड्ड्यात पुरायची, वर काटे टाकायची. कुत्र्यालाही जवळ येऊ देत नसे. दिरांनाही तिनं उघड्या हातानं काही उचलू दिलं नाही. तिचा चेहरा त्या आठवड्यात ओढून काळा पडला होता. माझ्याशी ती एक शब्दही नीट बोलत नव्हती.

तो दिवस ताडकळसच्या बाजाराचा. मालक बाजाराला गेले होते. दीर कळप घेऊन रानात, सासरे ज्वारी राखायला जवळच्याच शेतात. गाभण मेंढ्या तेवढ्या वाडग्यात ठेवलेल्या, आणि पाय लंगडतो म्हणून एडकाही खुंटीला बांधलेला. अक्का ओढ्यावर कपडे धुवायला गेली होती. दुपारी मी भाकरी झाकून ठेवत असताना मेंढीचं ओरडणं ऐकू आलं. साधं ओरडणं नव्हतं ते, अडल्याचं होतं. वर्षभरात एवढं तर मला कळायला लागलं होतं. मी कुंपणापाशी गेले. मेंढी आडवी पडून पाय झाडत होती. कोकराचा एकच पाय बाहेर आला होता.

मी थोडा वेळ थांबले. ओढ्याकडच्या वाटेवर अक्का दिसत नव्हती. मनात म्हटलं, इथं जीव जायला लागलाय आणि मी काय तिच्या हुकमाची वाट बघत बसू? वाडग्याच्या तोंडाशी लावलेली काट्यांची झुडपं बाजूला केली, आत गेले, मेंढीजवळ गुडघे टेकले आणि हात पुढं केला.

तेवढ्यात माझा दंड कुणीतरी मागून धरला आणि मला अक्षरशः फरफटत बाहेर ओढलं. अक्का होती. अंग ओलं, धाप लागलेली. तिनं मला एक थोबाडीत दिली. घरात आल्यापासून तिनं माझ्यावर हात उगारला नव्हता.

"हात लावलास? खरं सांग, हात लावलास तिला?"

"न्हाई, अक्का. लावणारच व्हते."

"बघू हात." तिनं माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाली, "हितनं हालू नको," आणि स्वतः आत गेली.

घाईत तिनं एडक्याकडं बघितलं नाही. मला सगळं शिकवणारी ती, पण त्या वेळी तिचं ध्यान माझ्यावर होतं. मेंढीच्या ओरडण्यानं आणि आमच्या आरडाओरड्यानं तो बिथरला होता, सारखे हिसके देत होता. अक्का मेंढीपाशी बसली, एडक्याला पाठमोरी. खुंटी उपटून आली. मी बघितलं, तो मान खाली घालून माघारी सरायला लागला होता.

"अक्का!" मी ओरडले.

ती वळेपर्यंत त्यानं तिला गाठलं. दणका खांद्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणाबाहेर ऐकू आला. ती कुशीवर पडली आणि एडका पुन्हा चार पावलं माघारी सरला.

मी आत धावले असते. पण तेवढ्यातही ती पडल्या जागेवरून ओरडली, "आत येऊ नको! तुला आन हाय माझी! आत येऊ नको!"

कुंपणावर दिरांची घोंगडी वाळत घातली होती. मी ती ओढली. बाभळीचे काटे हातात घुसले, तेव्हा कळलंही नाही. एडका धावून येण्यासाठी अंग आवळत होता, कुंपणापासून दोन हातांवर. मी घोंगडी पसरून त्याच्या तोंडावर टाकली. शिंगांत अडकून ती बसली नीट. डोळ्यांपुढं अंधार झाल्याबरोबर तो गप्पकन थांबला. नुसता फुरफुरत उभा राहिला. त्याच्या गळ्यातलं दावं लोंबत होतं. ते कुंपणावरून काठीच्या टोकानं ओढून घेतलं आणि कुंपणालगतच्या बाभळीच्या बुंध्याला बांधलं. हाताला मात्र गुंडाळलं नाही, एवढं त्या गडबडीतही ध्यानात राहिलं.

अक्काचा डावा हात लोंबत होता. मला वाटलं, आता ती बाहेर येईल. ती बाहेर आली नाही. मेंढीपाशी सरकत गेली, उजव्या हातानं कोकराचा दुसरा पाय चाचपून सरळ केला आणि मेंढीच्या कळेबरोबर त्याला ओढून काढलं. कोकरू जिवंत होतं. तिनं ते मेंढीच्या तोंडापाशी सारलं आणि मग तिथंच, शेणामातीत, भिंतीला टेकावं तशी मेंढीला टेकून बसली. मी रडत होते. ती म्हणाली, "रडू नको. मामंजींना हाक मार. आन आधी हाताचे काटे काढ."

सासरे आले. जवळच्या गावाहून हाडं बसवणारा म्हातारा आणला. त्यानं हात ओढून हाड बसवलं, बांबूच्या कांबट्या लावून बांधलं. अक्का एकदाही ओरडली नाही, नुसता पदर दातांत धरून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला भरवत होते. एका हातानं जेवता येत होतं तिला, पण मी ऐकलं नाही. तिनं दोन घास खाल्ले आणि आपणहून बोलायला लागली.

"पयल्या येळेला चौथा महिना व्हता. त्या साली बी मेंढ्या आशाच गाभडत व्हत्या. मीच उचलायची, मीच पुरायची. मला ताप आला आन आठ दिसांत पोरगं गेलं. मी म्हटलं, नशीब. मग तीन वर्सं मेंढ्या बी चांगल्या व्याल्या, आन मला दिस गेले न्हाईत. पुन्यांदा दिस गेले आन त्याच साली पुन्यांदा मेंढ्या गाभडल्या. पुन्यांदा तसाच ताप. दोनी येळेला. मग माझ्या डोस्क्यात आलं, हे त्यांचंच मला लागतंय. मेंढीचं बाईला लागतंय. पन कुनाला सांगू? मला पांढऱ्या पायाची म्हणनाऱ्या बाया, त्या ऐकनार व्हत्या व्हय? म्हणल्या आसत्या, आता मेंढ्यांवर ढकलायली."

"मला तरी सांगायचं, अक्का."

"तुला भ्या वाटलं आसतं. तूबी तापली आसतीस भ्यानंच." आणि मग म्हणाली, "मला बी खात्री न्हवती, सांगाय कारन न्हवतं. म्हणून मारलं तुला."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. विहिरीवर काय ऐकलं आणि मनात काय धरलं होतं, तेही सांगून टाकलं. तिला ते आधीच माहीत होतं.

चैत्रात सरकारी जनावरांचा डॉक्टर गावात आला. आसपास ढोरांना बुळकांडीची साथ होती, म्हणून परभणीहून त्याला लस टोचायला पाठवलं होतं. मुसलमान गृहस्थ, चष्मा लावणारा, शांत. आमचे बैल टोचून झाले तसं सासऱ्यांनी त्याला ताक प्यायला ओट्यावर बसवलं. त्याला मराठी जेमतेम येत होती. मी दाराआड उभी होते, आठवा महिना लागलेला. सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, मी दोन शब्द इचारू का त्यांना?" सासऱ्यांनी आधी माझ्याकडं, मग अक्काकडं बघितलं आणि मान हलवली.

मी दाराआडूनच उर्दूत विचारलं. मेंढ्या गाभडतात त्या वर्षी गरोदर बाईनं त्यांना हात लावला तर तिला काही होऊ शकतं का? अक्काचं जे घडलं ते सगळं सांगितलं. त्यानं ताकाचा तांब्या खाली ठेवला. अक्काला काय काय प्रश्न विचारले! ताप कसा यायचा, सांधे दुखायचे का, किती दिवस. मी इकडचं तिकडं सांगत होते. शेवटी तो म्हणाला की शंभर टक्के खात्रीनं तो सांगू शकत नाही, पण असे रोग आहेत, जनावराचे माणसाला लागणारे, त्यानं पुस्तकात वाचलेलं आहे. गरोदर बाईनं लांबच राहायला हवं, वार उघड्या हातानं उचलू नये, धुऊन मगच घरात यावं. मग तो चकित झाल्यासारखा मला म्हणाला, "यांना हे कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. त्यांनी बघून बघून ओळखलं."

त्यानं ओट्यावरून उठून दाराच्या दिशेनं हात कपाळाला लावला. म्हणाला, "इनसे कहिए, इनका कोई कसूर नहीं था."

मी ते अक्काला मराठीत सांगितलं. तुमची काही चूक नव्हती, असं म्हणतेत. हाड बसवताना न ओरडलेली बाई, ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. सासरे उठून बाहेर गेले. डॉक्टरही चष्मा पुसत बसला होता.

ज्येष्ठात मला मुलगा झाला. सुईणीनं तो पहिल्यांदा अक्काच्या हातात दिला. मीच तसं सांगून ठेवलं होतं. बारशाला मी हट्टानं तिला पाळण्याच्या दोरीशी उभी केली. आलेल्या बायांत थोडी कुजबुज झाली, पण सासऱ्यांनी डॉक्टरचं बोलणं आधीच चावडीवर सांगितलेलं होतं, त्यामुळं तोंड कुणी उघडलं नाही. त्या वर्षापासून गावात कुणाला दिवस गेले की ती बाई अक्काला विचारायला यायची. विहिरीवर मला सांगणारीही एकदा आपल्या सुनेला घेऊन आली. अक्कानं तिला गूळपाणी दिलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. तिच्या जागी मी असते तर दिलं असतं का, सांगता येत नाही.

पुढं निजामाचं राज्य गेलं, मेंढरं कमी झाली, दिरांनी उरलेली विकून टाकली. मला आणखी तीन मुलं झाली. चौघांनाही अक्कानं वाढवलं, चौघंही तिला आईच म्हणत आणि मला धाकली आई.

तिचा डावा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. केस विंचरता येत नसत. ते काम मी करायचे, रोज सकाळी, ओट्यावर बसून, तेल लावून, वेणी घालून. ती गेली तोपर्यंत. आपल्याकडं घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नाही. मीही कधी मानले नाहीत. केस विंचरताना मी जरा जास्तच वेळ लावायचे, आणि ती म्हणायची, "आटप की, कामं पडलीत." पण उठायची नाही.